लाकडाचं पाणी

पुण्याच्या दातांच्या डॉक्टरांना दिलेलं टेबल
मार्चात, एसीखाली, रात्री अडीचला फुटलं.
आवाज एवढा, की वॉचमन काठी घेऊन वर आला.
फोटोत फट दिसते, करंगळी जाईल एवढी.
टेबल परत आलं,
टेम्पोचं भाडं माझ्याच नावावर.

सागवान खोटं नव्हतं. रंधाही खोटा नव्हता.
खोटी होती घाई.

वडील फळ्या माळ्यावर रचायचे,
मध्ये पट्ट्या, वारा जाईल अशा,
आणि कडेला खडूनं रेघ.
एक पावसाळा, एक रेघ.
तीन रेघा झाल्याशिवाय करवतीला हात नाही.
गिऱ्हाईक थांबायचं. नाही थांबलं
तर दुसऱ्याकडं जायचं,
आणि दोन वर्षांनी वाकलेलं दार घेऊन
आमच्याच ओट्यावर येऊन बसायचं.

मला माळा नाही, पत्रा आहे.
आणि गिऱ्हाईक विचारतं, शुक्रवारी देता का?

म्हणून तीन कोटेशनं मागवली.

कोईमतूरचा माणूस चकचकीत पुस्तक घेऊन आला.
निर्वात टाकी, चार दिवसांत फळी कोरडी.
किंमत वाचताना मी चष्मा काढून पुसला.
काच स्वच्छच होती.

कोल्हापूरचा बॉयलर जुना, स्वस्त, पोटाला गंज.
भुसा, ढलप्या, सगळं खातो म्हणाले,
फक्त रात्रभर उशाशी माणूस पाहिजे.
मी केराप्पाकडं बघितलं.
"माझं लग्न झालंय, मालक," केराप्पा म्हणाला.

तिसरी पेटी कपाटाएवढी.
बंद खोलीतल्या हवेतली ओल ती ओढून घेते
आणि नळीतनं थेंब थेंब बाहेर टाकते.
एकवीस दिवस.
आणि लाईट गेली तर?
विकणारा पोरगा हसला, "लाकूड थांबतं, साहेब."
वडिलांचं वाक्य त्याच्या तोंडी ऐकून
मी दुसरा चहा सांगितला.

पण खोली कुठली?
मणेराजुरी रस्त्याला बाबालाल मुजावरचं बेदाण्याचं शेड,
द्राक्षं उतरली की पुढच्या हंगामापर्यंत रिकामं.
तीस वर्षं मणी वाळवणारा माणूस.
त्यानं पुस्तक उघडलंच नाही. विचारलं,
"वरनं वाळतं का आतनं?"
मग म्हणाला, "साल आधी आवळली
की आतलं पाणी कोंडतं. बेदाणा काळा पडतो.
तुझं लाकूड काळं पडत नसंल. फुटत असंल."

माझ्या टेबलाला काय झालं होतं
ते त्यानं टेबल न बघता सांगितलं,
पण पाच महिने उशिरा.

अर्धं शेड भाड्यानं घेतलं.
कवठ्याच्या बंद पडलेल्या कोल्ड स्टोअरेजची पॅनेलं
भंगारात मिळाली.
गारवा राखायला केलेल्या भिंती,
आता ऊब अडवतात.
एकावर अजून निळ्या रंगात "४ डिग्री".
केराप्पा घासायला निघाला.
राहू दे, म्हटलं.

पहिला घाणा श्रावणात लावला.
थोडा साग, थोडी बाभूळ.
मीटरच्या दोन सुया फळीत रोवल्या, आकडा एकतीस.
बारावर यायला पाहिजे.
त्या रात्री झोप आली नाही.
पंखा चालू असला तर हप्ता आठवायचा,
बंद पडला तर फळ्या.

सकाळी बादली अर्धी भरलेली.
कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.
"इन्व्हर्टरला चालंल का?" केराप्पा.
बाबालालनं बोट बुडवून नाकाशी नेलं,
"आंबट हाय. बाभूळ बोलतीया."
बराच वेळ आम्ही तिघं
त्या बादलीभोवती नुसतेच उभे,
कुणाच्या तरी घरी पाहुणे आल्यासारखे.

नवव्या दिवशी एकोणीस.
सवयीनं खडू काढला, पॅनेलशी गेलो,
"४ डिग्री"च्या शेजारी हात टेकला.
पण किती बादल्यांची एक रेघ धरायची
ते काही ठरेना.
खडू कानावर अडकवला
आणि बादली रिकामी करायला गेलो.